आर नदीजवळ तळमजल्याचा फ्लॅट मिळतोय, घ्यावा का? २०२१ च्या उन्हाळी पुराबद्दल कोणी सांगेल का

कोल्हापूरकर_बॉन

नमस्कार मंडळी. मी गेल्या वर्षी जॉबसाठी जर्मनीत बॉनला आलो, सध्या एका खोलीत राहतोय, पण मार्चमधे बायको आणि मुलगी येतायत आणि उन्हाळ्यात आई-बाबा पण येणार त्यामुळे मोठं घर शोधणं चालू आहे. बॉनमधली भाडी परवडत नाहीत म्हणून जरा बाहेर बघायला लागलो तर आरवायलरच्या बाजूला एक फ्लॅट मिळतोय, तळमजला, मागे छोटी बाग, खाली तळघर (त्यातच एक खोली पाहुण्यांसाठी केलीये), सगळं नवीन रंगवलेलं, भाडं बरंच कमी. आई-बाबांना जिने चढायला नकोत म्हणून तळमजला मला एकदम बरोबर वाटला. नदी चालत चार-पाच मिनिटांवर. बघितली तर पोटरीभर पाणी, पोरं दगडांवरून पलीकडे जात होती.

पण परत येताना शेजारच्या भिंतीवर एक पट्टी दिसली, १४ जुलै २०२१ असं लिहिलेलं, आणि ती माझ्या डोक्याच्या वर होती. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मी प्रयाग चिखलीचा, त्यामुळे पूर म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. पण आमच्याकडे पंचगंगा चढते ती सांगून चढते, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, दर तासाला पातळी व्हॉट्सॲपवर येते, लोक जनावरं आधी हलवतात. इथे लोक म्हणतात रात्रीतून झालं. आणि वाचलं तर पाऊस होता शंभर ते दीडशे मिलिमीटर, एवढा तर गगनबावड्याला पावसाळ्यात कितीदा पडतो. मग एवढ्याशा नदीला, तेही ऐन उन्हाळ्यात, एवढा पूर आला कसा? आणि आता तिथे राहणं सेफ आहे का? जे तिकडे राहिलेत किंवा या विषयातले आहेत त्यांनी प्लीज सांगा, मालकाला या आठवड्यात कळवायचंय.

मीनल_ऱ्हाइनकाठ

दादा, तळमजला घेऊ नका. कारण सांगते, जरा मोठं होईल.

मी बॉनमधे बरीच वर्षं आहे. २०२१ च्या त्या जुलैत आम्ही ओळखीचे काही जण आरकाठच्या देर्नाउ गावात मदतीला गेलो होतो, गाड्या आत सोडत नव्हते, बाहेरून शटल बसने फावडी-बादल्या घेऊन लोक आत जायचे. पहिल्यांदा जाणवला तो वास. चिखलाचा नाही, तेलाचा. इथे बऱ्याच घरांत हीटिंगसाठी तळघरात तेलाची मोठी टाकी असते, पाणी आत शिरलं की टाकी तरंगते, पाइप तुटतो, आणि ते तेल पुराच्या पाण्यात मिसळून भिंतीत मुरतं. त्यामुळे घर नुसतं धुऊन भागत नाही, प्लास्टर विटांपर्यंत खरवडून काढावं लागतं. आम्ही एका आजोबांच्या घरी बादल्यांची रांग करून तळघरातला गाळ वर काढत होतो, वरून ऊन, गाळ वाळला की दगडासारखा होतो म्हणून सगळ्यांची घाई. गल्लीत दोन्ही बाजूंनी फ्रिज, गाद्या, फोटोंचे अल्बम, पियानो यांचे ढीग. वाइनवाल्यांच्या तळघरातल्या बाटल्या चिखलाने माखलेल्या, त्यांनी नंतर त्या तशाच विकून पुरासाठी पैसे उभे केले.

आरच्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. अख्ख्या जर्मनीत १८० च्या वर. आणि त्यातले बरेच जण कुठे गेले ते ऐका, तळघरात आणि तळमजल्यावर. कोणी गाडी काढायला गेलं, कोणी खाली सामान वाचवायला. दाराबाहेर गुडघ्याएवढं पाणी साचलं तरी बाहेर उघडणारं दार एकट्या माणसाला ढकलता येत नाही, हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत पाहिजे.

झिन्त्सिग गाव माहितीये ना, जिथे आर ऱ्हाइनला मिळते. तिथे दिव्यांग लोकांच्या वसतिगृहात तळमजल्यावर झोपलेले १२ जण बुडाले. वर आल्टेनआरला पाण्याने कहर केल्यानंतर कित्येक तासांनी पाणी झिन्त्सिगला पोचलं. म्हणजे वेळ होता! हे आठवलं की मला अजून त्रास होतो. जिल्हा प्रशासनाने नदीच्या दोन्ही बाजूच्या ५० मीटरमधल्या लोकांना घरं सोडा म्हणून सांगितलं ते रात्री ११ नंतर, आणि त्यावेळी वरच्या गावांत लोक छपरांवर बसले होते. ५० मीटर कशाच्या हिशोबाने धरले देव जाणे, पाणी त्याच्या कितीतरी पलीकडे गेलं.

फोनवर आपोआप येणारा अलर्ट तेव्हा जर्मनीत नव्हताच. ॲप होते पण ज्याने घेतलं त्यालाच. भोंगे कोल्ड वॉर संपल्यावर बऱ्याच ठिकाणी काढून टाकलेले. लोकांना कळलं ते पाणी दारात आल्यावर.

पाणीवाला_आखेन

मी हायड्रॉलिक्समधे काम करतो, कारणांचं मी लिहितो.

तुमचा दीडशे मिमीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आपल्याकडून आलेल्या प्रत्येकाला तो पडतो. गगनबावडा म्हणा, महाबळेश्वर म्हणा, तिथले ओढे-नद्या वर्षानुवर्षं तेवढं पाणी वाहून नेतायत, त्यांची पात्रं त्याच हिशोबाने घडलीयेत. आरच्या खोऱ्यात अख्ख्या जुलै महिन्यात सरासरी पाऊस शंभर मिमीच्या आत असतो. तो महिन्याभराचा आणि त्याहून जास्त पाऊस १४ जुलैला एका दिवसात पडला. आणि तो कोरड्या जमिनीवर पडला असता तर थोडा तरी मुरला असता, पण आधीच्या काही आठवड्यांत पाऊस होऊन जमीन भरलेली होती. आर जिथून येते ते आयफेलचे डोंगर पाटीच्या दगडाचे, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. नदीची लांबी जेमतेम ८५ किमी आणि खोरं काही ठिकाणी इतकं चिंचोळं की नदी, रस्ता, रेल्वे आणि घरांची एक रांग एवढं बसलं की संपलं. पसरायला जागाच नाही म्हणून पाणी वर चढतं. तुमची पंचगंगा शिरोळ-कुरुंदवाडकडे शेतांमधून पसरत जाते, आठवडाभर मुक्काम ठोकते आणि हळूहळू ओसरते. आर काही तासांत चढली आणि वेगाने आली, भिंती उभ्याच्या उभ्या घेऊन गेली.

आता उन्हाळा का. ऱ्हाइनचा नेहमीचा पूर हिवाळ्यात नाहीतर वसंतात येतो, पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून, आणि कोलोनला त्याची खबर काही दिवस आधी लागते, तोवर तात्पुरत्या भिंती उभ्या करून होतात. उन्हाळ्यातलं गणित वेगळं. हवा गरम असते, आणि एका अंशाला साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्या आठवड्यात 'बेर्न्ड' नावाचं कमी दाबाचं क्षेत्र मध्य युरोपवर येऊन अडकलं, पुढे सरकेचना, दमट हवा येत राहिली, डोंगराला लागून वर गेली आणि त्याच त्याच भागात पडत राहिली. हागेन शहरात तर २२ तासांत २४१ मिमी. २००२ च्या ऑगस्टमधे असंच झालं होतं, चेक सीमेवरच्या झिनवाल्डला २४ तासांत ३१२ मिमी पडला आणि ड्रेस्डेनला एल्बे नदी ९.४० मीटरवर गेली. मोठ्या नदीला निदान पाणी पोचायला दिवस लागतात. छोट्या नदीला तास. त्यामुळे उन्हाळी पुरात माणसं जास्त करून छोट्या नद्यांच्या काठी जातात, जिथे एरवी पोरं दगडांवरून पलीकडे जातात अगदी तिथे.

आल्टेनआरला नदीची पातळी मोजणारा जो मापक होता त्याचं सांगतो. आधीचा रेकॉर्ड होता २०१६ चा, ३.७१ मीटर. १४ जुलैच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ५.७५ मीटर दाखवून मापकच बंद पडला, वाहून गेला. नंतर भिंतींवरच्या खुणांवरून काढलं तर पाणी १० मीटरच्या आसपास गेलं होतं. त्यात दुपारी पातळी ५ मीटरच्या वर जाणार असा अंदाज होता, संध्याकाळी तो खाली आणला, रात्री परत चढवला. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने अशा वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं, ते नव्हतं.

आणि पूल! झाडं, कॅम्पिंगच्या गाड्या, गवताचे गठ्ठे, मीनलताई म्हणाल्या त्या टाक्या, सगळं येऊन जुन्या कमानींच्या पुलांना अडकलं, मागे पाणी तुंबलं, मग पूल तुटला की साठलेलं सगळं एकदम खालच्या गावावर. आरवरचे ६० हून जास्त पूल गेले.

मला सगळ्यात राग कशाचा येतो तर हा पूर नवीन नव्हता. २१ जुलै १८०४ ला असाच आला, ६३ माणसं गेली. १३ जून १९१० ला परत आला, पन्नासच्या वर गेली, त्यात रेल्वेचं काम करणारे मजूर बरेच. दोन्ही उन्हाळ्यातले. पण पूररेषेचे नकाशे काढले तेव्हा मापं धरली १९४७ पासूनची, कारण मापकाची सलग नोंद तेव्हापासूनची आहे. त्यामुळे नकाशावर जो 'शंभर वर्षांतला पूर' होता तो प्रत्यक्षात आला त्याच्या जवळपासही नव्हता. लोकांनी नकाशा बघून घरं बांधली, शाळा बांधल्या, वसतिगृह बांधलं. १९१० नंतर वरच्या भागात पाणी अडवायचे तलाव बांधायचा आराखडा पण झाला होता, पुढे १९२० च्या दशकात जिल्ह्याने पैसा नुर्बुर्गरिंगच्या रेसिंग ट्रॅकवर घातला आणि तलाव राहिले ते राहिलेच.

त्यामुळे माझा सल्ला, नकाशा बघाच पण तुम्ही पाहिलेली ती भिंतीवरची पट्टी जास्त खरी धरा.

तुषार_डोंबिवली

सगळे क्लायमेट चेंज क्लायमेट चेंज करतात पण वरचं वाचून तर वाटतंय की १८०४ ला पण आला होता, तेव्हा कुठे गाड्या आणि कारखाने होते. मग यात माणसाचा हात किती?

पाणीवाला_आखेन

तुषार, प्रश्न रास्त आहे. त्याच ऑगस्टमधे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने हिशोब मांडला होता, तापमानवाढीमुळे पश्चिम युरोपात असा एक दिवसाचा पाऊस पडायची शक्यता १.२ ते ९ पट वाढलीये आणि पावसाचा जोर ३ ते १९ टक्क्यांनी. रेंज मोठी आहे हे खरं, कारण छोट्या भागातला पाऊस मोजणं अवघड असतं, पण दिशा एकच आहे. म्हणजे पूर पूर्वीही यायचा, आता लवकर लवकर येईल आणि थोडा जास्त घेऊन येईल. आणि १८०४ ला नदीकाठी एवढी तळघरं, डांबर, तेलाच्या टाक्या नव्हत्या. दोन्ही मिळून हा आकडा होतो, एकावर ढकलून चालत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. जर्मनीतल्या त्या पुरानंतर बरोब्बर आठवड्याने, २२ जुलै २०२१ ला, आमचं शहर बुडालं. त्यामुळे धागा उघडला तो वाचतच गेलो.

आमच्याकडे २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांच्या डोक्यात होता, बाजारपेठेतले लोक त्या खुणेच्या हिशोबाने माल वरच्या फळीवर ठेवायचे. २०२१ ला पाणी ती खूण सोडून वर गेलं. वर सह्याद्रीत पाऊस, कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी वाशिष्ठीतच येतं, खाली दाभोळच्या खाडीला भरती, आणि मधे गाळाने भरलेलं पात्र. पाणी जाणार कुठे. कोविडचा काळ, एका कोविड सेंटरमधे ८ पेशंट गेले, लाइट नाही, मदत पोचेना कारण रस्तेच पाण्याखाली. त्याच दिवशी संध्याकाळी महाडच्या तळियेवर डोंगर आला आणि ८० हून जास्त माणसं गाडली गेली.

आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे माळा होता किंवा शेजारी दोन मजली होता ते वाचले. मीनलताईंच्या बोलण्यात तेच आहे, रात्र वरच्या मजल्यावर काढता आली पाहिजे. मी तर म्हणेन आई-बाबांसाठी जिने नकोत म्हणून तळमजला घेताय ना, त्याच आई-बाबांना रात्री दोन वाजता अंधारात कमरेएवढ्या पाण्यातून वर न्यायचं आहे असं डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा. लिफ्टवाली बिल्डिंग बघा, पण लिफ्ट पुरात चालत नाही हेही लक्षात ठेवा.

पुरानंतर आमच्या लोकांनी डिसेंबरमधे साखळी उपोषण केलं, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून. त्यानंतर गाळ निघाला, बराच निघाला. पण निळी रेषा-लाल रेषा (पुराच्या धोक्याच्या हद्दी) आखल्यावर मात्र गावात भांडणं, कारण रेषेच्या आत अख्खी बाजारपेठ येते आणि बांधकामाला परवानगी मिळत नाही. तिकडे जर्मनीत काय केलं, लोकांना परत तिथेच घरं बांधू दिली का?

मीनल_ऱ्हाइनकाठ

हो, बहुतेकांना दिली. अगदी धोक्याच्या पट्ट्यातली तीस-पस्तीस घरं फक्त त्याच जागी परत बांधता येणार नाहीत असं ठरलं, बाकी ठिकाणी पूर सोसेल असं बांधायच्या अटीवर. लोकांचं पण म्हणणं असतं, आमचे मळे इथे, शेजारी इथे, वर डोंगरात सपाट जागा नाही, जायचं कुठे.

कोल्हापूरकर_बॉन

अगदी आमच्या चिखलीचंच झालं हे. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले, तरी गोठा आणि शेती नदीकाठी म्हणून घरं जुन्या गावात पण चालूच. २०१९ ला परत सगळे अडकले. बाहेरच्याला वाटतं लोकांना कळत नाही, पण दूध काढायला पहाटे चार वाजता कोण एवढ्या लांबून येणार.

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. आज मालकाला फोन करून तीन गोष्टी विचारल्या, पाणी किती आलं होतं, तेलाची टाकी अजून आहे का, आणि मीटरचा बोर्ड कुठे आहे. बोर्ड अजून तळघरातच आहे म्हणाला. तो फ्लॅट सोडला. त्याच गावात चढावर, नदीपासून बरंच लांब, दुसऱ्या मजल्यावर एक आहे, भाडं थोडं जास्त. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे पण त्यांनाच फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले वरचंच घे.

@पाणीवाला, पुढच्या पाच-दहा वर्षांत तिथे खरंच काही बदलेल का?

पाणीवाला_आखेन

चांगलं केलंत. बदलतंय पण हळू. वरच्या उपनद्यांवर पाणी अडवायचे तलाव बांधायचा प्लॅन परत आलाय, त्याला जागा, परवानग्या, पैसा यात वर्षं जाणार. नवीन पूल मधे खांब न घेता उंच बांधतायत म्हणजे ओंडके अडकणार नाहीत, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं. माझा तलावांवर आंधळा विश्वास नाही, २०२१ एवढं पाणी आलं तर ते सगळं अडणार नाही, पण लाट बुटकी होते आणि लोकांना दोन तास जास्त मिळतात, दोन तासांत गाव रिकामं होतं.

करायचं ठरवलं तर होतं हे शेजारी बघा. नेदरलँडला १९९३ आणि १९९५ ला मास नदीने झोडपलं, त्यांनी नंतर नदीला जागा परत दिली, पात्र रुंद केलं, बांध मागे घेतले. २०२१ च्या त्याच पावसात फाल्केनबुर्गसारखी गावं बुडाली, नुकसान भरपूर झालं, पण तिथे पुरात एकही माणूस गेलं नाही. उलट सॅक्सनीतलं ग्रिम्मा, २००२ ला बुडालं, भिंत बांधायची ठरली, वाद, कोर्टकचेऱ्या, २०१३ ला भिंत अर्धवट असतानाच परत बुडालं. २०१९ ला भिंत पूर्ण झाली.

नवीन घर चढावर असलं तरी एक बघा, मागच्या डोंगरावरून येणारा ओढा किंवा नळी कुठून जाते. ढगफुटीसारख्या पावसात पाणी नदीतूनच येतं असं नाही, उतारावरून रस्त्यानेही येतं. नगरपालिकेकडे त्याचे वेगळे नकाशे असतात, मागितले की दाखवतात. आणि ड्रेनेजच्या पाइपला उलटं पाणी रोखणारी झडप आहे का ते मालकाला विचारा, नसेल तर तळघरातल्या संडासातून गटार घरात येतं.

कोल्हापूरकर_बॉन

विचारतो. आणि इन्शुरन्सचं काय? भाडेकरूने काढायचा असतो का?

मीनल_ऱ्हाइनकाठ

इमारतीचा मालकाचा, सामानाचा तुमचा. इथे त्याला 'हाउसराट' पॉलिसी म्हणतात, पण साध्या पॉलिसीत पूर येत नाही, 'एलेमेंटारशाडेन' हा भाग वेगळा जोडून घ्यावा लागतो. २०२१ ला निम्म्याहून जास्त घरमालकांनी तो घेतलेला नव्हता, मग सरकारला ३० अब्ज युरोचा निधी काढावा लागला आणि लोक वर्षानुवर्षं फॉर्म भरत बसले. पॉलिसी घेतल्यावर काही आठवडे थांबण्याचा काळ असतो, म्हणून किल्ली मिळायच्या आधीच काढून ठेवा, पावसाचा अंदाज आल्यावर काढून उपयोग नाही. चालू पॉलिसी असेल तर तीत हा शब्द आहे का ते कागद काढून बघा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर राहू नका.

आणि फेब्रुवारी २०२३ पासून इथे सगळ्या फोनवर आपोआप अलर्ट येतो, ॲप लागत नाही. आई-बाबा भारतातून फोन घेऊन येतील त्यात सेटिंगमधे इमर्जन्सी अलर्ट चालू आहे का ते एअरपोर्टवरून घरी आल्या आल्या बघा, फोन फार जुना असेल तर येणार नाही. तो मेसेज जर्मन आणि इंग्लिशमधे येतो आणि खूप मोठ्याने वाजतो, त्यांना आधी ऐकवून ठेवा, नाहीतर काहीतरी बिघडलं म्हणून बंद करून झोपतील.